जुनी मोटोक्रॉस बाईक घेताना: मीटरवरचे तास आणि इंजिनात उरलेले तास

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपले वजन ७८ किलो आहे, रस्त्यावरच्या मोटारसायकली चालवण्याचा दहा वर्षांचा अनुभव आहे आणि मित्राच्या बाईकवर सरावाच्या ट्रॅकवर काही फेऱ्या मारल्यानंतर स्वतःची मोटोक्रॉस बाईक, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यतीसाठी बनवलेली गाडी, घेण्याचे आपल्या मनाने घेतले आहे. समोर दोन गाड्या आहेत. पहिली २०१५ सालची २५० सीसी फोर-स्ट्रोक. तिच्या मीटरवर ९६ तास दिसतात आणि तिचे ‘हाफ इंजिन काम’ नुकतेच झाले असल्याचे विकणारा सांगतो. दुसरी २००८ सालची १२५ सीसी टू-स्ट्रोक. तिला तासांचे मीटरच नाही आणि ती दिसायलाही बरीच थकलेली आहे. पहिलीचे प्लास्टिक आणि स्टिकर नवे कोरे आहेत म्हणून आपला कल तिच्याकडे आहे, आणि ती घ्यावी का व पाहायला गेल्यावर काय तपासावे, असे आपण विचारले आहे.

गेली एकवीस वर्षे मी याच गाड्यांची इंजिने उघडतो आणि बांधतो, त्यामुळे उत्तर आधी आणि कारणे नंतर देतो. २५० सीसी फोर-स्ट्रोक हा प्रकार आपल्यासाठी योग्य आहे. मात्र ९६ तास चाललेली आणि केवळ हाफ इंजिन झालेली ही विशिष्ट गाडी, तिला लवकरच पूर्ण इंजिन काम लागणार आहे असे गृहीत धरूनच तिची किंमत ठरवली जात असेल तरच घ्यावी. विकणारा ‘इंजिन नवे आहे’ या भावनेने किंमत सांगत असेल, तर दोघे जण दोन वेगवेगळ्या वस्तूंबद्दल बोलत आहात.

रस्त्यावरची मोटारसायकल वापरणाऱ्याला हे पटायला वेळ लागतो, कारण त्याच्या डोक्यातील हिशोब किलोमीटरचा असतो आणि चांगले ठेवलेले इंजिन हजारो किलोमीटर न उघडता चालते, हे त्याने पाहिलेले असते. मोटोक्रॉसचे इंजिन त्या जातीचे नाही. २५० सीसीचे आधुनिक फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला १३,००० फेऱ्यांच्या वर जाते, त्याचा पिस्टन हलका राहावा म्हणून अतिशय आखूड ठेवलेला असतो, त्यात तेल असते जेमतेम एक लिटरच्या आसपास, आणि ट्रॅकवर ते बहुतेक वेळ जवळजवळ पूर्ण थ्रॉटलवर, धुळीत आणि चिखलात चालते. अशा इंजिनात पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह, टायमिंग चेन आणि शेवटी कनेक्टिंग रॉडसह क्रँक (पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणारा खालचा दांडा) हे सारे ब्रेक पॅडसारखे झिजणारे आणि ठरावीक काळाने बदलायचेच भाग आहेत. म्हणूनच या गाड्यांचे आयुष्य तासांत मोजतात आणि उत्पादकांच्या पुस्तिकांमध्येही देखभालीचे टप्पे तासांत किंवा शर्यतींच्या संख्येत दिलेले असतात. जुनी मोटोक्रॉस बाईक घेणारा माणूस खरे तर त्या इंजिनात उरलेले तास विकत घेत असतो.

आता ‘हाफ इंजिन’ या दोन शब्दांकडे वळू. गॅरेजच्या भाषेत हाफ इंजिन म्हणजे वरचे काम: पिस्टन, रिंगा, पिन, गॅस्केट आणि झालेच तर व्हॉल्व्ह व टायमिंग चेन. फुल इंजिन म्हणजे केस (इंजिनाचे खालचे कवच) उघडून क्रँक, कनेक्टिंग रॉड, क्रँकची बेअरिंगे आणि सर्व ऑइल सील बदलणे. हौशी चालकाच्या २५० सीसी फोर-स्ट्रोकमध्ये पिस्टन साधारण ३० ते ५० तासांत आणि क्रँक साधारण १०० तासांच्या आसपास बदलावा, असा माझा ठोकताळा आहे. शर्यतीत जोरात चालवणाऱ्याने हे आकडे बरेच खाली आणावेत. या हिशोबाने ९६ तास झालेल्या गाडीचे नुसते वरचे काम झालेले असणे म्हणजे खालचा क्रँक त्याच्या शेवटच्या टप्प्यात असणे. नव्या पिस्टनमुळे कॉम्प्रेशन परत आलेले असते, गाडी जोमाने उठते, चाचणीच्या फेरीत मन प्रसन्न होते, आणि कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकातल्या थकलेल्या मोठ्या बेअरिंगवर मात्र त्या जोमाचा भार तसाच पडत राहतो. फोर-स्ट्रोकमध्ये कनेक्टिंग रॉड तुटला, तर तो केस फोडून बाहेर येऊ शकतो, पिस्टन व्हॉल्व्हवर आदळू शकतो आणि अनेकदा संपूर्ण इंजिनातून वापरण्याजोगे फारसे काही उरत नाही.

त्यामुळे गाडी पाहण्याआधीच दूरध्वनीवर विचारावे की हाफ इंजिनमध्ये नेमके काय बदलले, किती तासांवर बदलले आणि सुट्या भागांचे बिल आहे का. पिस्टन कोणत्या कंपनीचा आणि कोणत्या मापाचा टाकला, व्हॉल्व्ह क्लिअरन्स (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांमधली बारीक फट) शेवटी कधी पाहिला, टायमिंग चेन बदलली का, हे प्रश्न काम स्वतः केलेल्या किंवा समोर उभे राहून करून घेतलेल्या माणसाला अवघड वाटत नाहीत. जुना पिस्टन जपून ठेवलेला असेल तर उत्तम. अनेक काळजी घेणारे मालक तो नव्या पिस्टनच्या खोक्यातच ठेवतात. त्यावर उभ्या ओरखड्यांच्या रेषा दिसल्या, किंवा रिंगांच्या खालच्या भागावर ज्वाळा उतरून काळपट तपकिरी डाग पडलेला असला, तर वरचे काम वेळेवर झाले की गळ्याशी आल्यावर झाले हे तो पिस्टनच सांगतो.

भेटीची वेळ ठरवताना एकच विनंती आग्रहाने करावी: मी येण्यापूर्वी गाडी सुरू करू नका. पोहोचल्यावर सर्वांत आधी इंजिनाच्या केसला आणि सायलेन्सरच्या बेंडला हात लावून पाहावा. गार असल्याची खात्री सांगितलेली गाडी कोमट लागली, तर त्या एका गोष्टीवरून पुढचे सगळे बोलणे अधिक सावधपणे ऐकावे. गार फोर-स्ट्रोक चोकवर दोन-चार किकमध्ये उठायला हवी आणि नंतर गरम झाल्यावर बंद करून पुन्हा किक मारली, तरीही तितक्याच सहज उठायला हवी. गार असताना त्रास आणि गरम झाल्यावर अधिक त्रास, किंवा ढकलूनच सुरू होणे, हे इनटेक (हवा आत घेणारे) व्हॉल्व्ह बसत, म्हणजे झिजून खोल जात, चालल्याचे जुने आणि भरवशाचे लक्षण आहे. बटण-स्टार्टच्या गाडीत हा दोष झाकला जातो, कारण बॅटरी न थकता इंजिन फिरवत राहते; म्हणून तिथे किती सेकंद फिरवल्यावर ती उठते हे लक्षपूर्वक पाहावे.

व्हॉल्व्ह का बसतात हे समजून घेतले की एअर फिल्टरला मी इतके महत्त्व का देतो हे कळेल. या इंजिनांमध्ये वजन कमी ठेवण्यासाठी बहुतेक वेळा टायटॅनियमचे व्हॉल्व्ह वापरतात आणि त्यांच्या पृष्ठभागावर कठीण थर असतो, तो अतिशय पातळ. आत येणारी बारीक धूळ व्हॉल्व्ह आणि तो ज्या कडेवर टेकतो ती सीट यांच्यामध्ये पॉलिश पेपरसारखे काम करते. थर निघून गेला की खालचा मऊ धातू झपाट्याने झिजतो, व्हॉल्व्ह सीटमध्ये खोल जातो, त्याची दांडी वर सरकते आणि क्लिअरन्स कमी कमी होत जातो. क्लिअरन्स संपला की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, कॉम्प्रेशन गळते आणि गाडी उठेनाशी होते. हे सारे इनटेकच्या बाजूला आधी घडते, कारण धूळ तिकडूनच येते.

काही वर्षांपूर्वी एका तरुणाने माझ्याकडे अशीच नव्या स्टिकरांची २५० सीसी फोर-स्ट्रोक आणली. घेऊन अवघे नऊ तास चालवली होती आणि गरम झाल्यावर ती उठत नव्हती. मी बसायची सीट काढली. फिल्टर नवा, हिरव्या तेलात व्यवस्थित भिजवलेला, पाहून समाधान व्हावे असा होता. तो काढून मागच्या रबरी नळीत बोटाला पांढरे फडके गुंडाळून आतल्या कडेने फिरवले, तर फडक्यावर तपकिरी पट्टा उमटला, आणि तो अंगठा व बोट यांत चोळल्यावर कचकच लागली. फिल्टर जिथे टेकतो त्या कडेवर ग्रीसचा मागमूस नव्हता. पुढे झाकण उघडून फिलर गेज (फट मोजायची पातळ पाती) लावला, तर दोन्ही इनटेक व्हॉल्व्हमध्ये सर्वांत पातळ पातेही शिरेना, जिथे ०.१२ मिलिमीटरच्या आसपास जागा असायला हवी होती. खरा उलगडा शिम, म्हणजे क्लिअरन्स जुळवण्यासाठी बसवायच्या धातूच्या चकत्या, काढल्यावर झाला. त्या चकत्या कारखान्यात बसवलेल्या मापापेक्षा कितीतरी पातळ होत्या, म्हणजे आधी कोणीतरी क्लिअरन्स संपलेला पाहिला होता, व्हॉल्व्ह बदलण्याऐवजी पातळ शिम टाकून तो तात्पुरता परत आणला होता आणि गाडी विकायला काढली होती. त्या मुलाने फिल्टर पाहिला होता. फिल्टरच्या मागे पाहिले नव्हते. गाडी घेतानाच पाच मिनिटे आणि एक फडके खर्च केले असते, तर हेडचे (व्हॉल्व्ह असलेल्या इंजिनाच्या वरच्या भागाचे) संपूर्ण काम त्याच्या खिशातून गेले नसते, आणि आजही ते आठवून मला वाईट वाटते.

म्हणून पांढरे फडके सोबत न्यावे आणि सीट काढू देण्याची परवानगी आधीच मागावी. फिल्टरच्या पलीकडची नळी स्वच्छ आणि किंचित तेलकट असेल, तर तो मालक देखभालीत प्रामाणिक होता असे मी मानतो आणि बाकीच्या किरकोळ उणिवांकडे सौम्यपणे पाहतो. तिथे धूळ असेल, तर इंजिनाविषयी सांगितलेले सर्व काही बिलासह दाखवल्याशिवाय मानू नये. नळी नुकतीच पाण्याने धुतल्यासारखी पूर्ण कोरडी व चकचकीत असेल, तर कारण विचारावे.

विकणारा तयार असेल आणि आपल्यासोबत जाणकार मेकॅनिक असेल, तर व्हॉल्व्ह क्लिअरन्स प्रत्यक्ष मोजून घ्यावा. टाकी आणि झाकण काढून फिलर गेज लावणे हे तासाभराचे काम आहे. माप त्या मॉडेलच्या पुस्तिकेशी ताडावे. इनटेकचे माप मर्यादेच्या खालच्या टोकाला असेल, तर व्हॉल्व्ह बसू लागले आहेत असे समजावे. त्याहूनही मोलाची चाचणी म्हणजे लीक-डाउन. पिस्टन वर आणून सिलिंडरमध्ये दाबाखाली हवा सोडायची आणि ती कुठून बाहेर पडते ते ऐकायचे: फुसफुस इनटेकच्या नळीत ऐकू आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमध्ये आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, क्रँककेसच्या ब्रीदरमधून आली तर रिंगा, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले तर हेड गॅस्केट. फोर-स्ट्रोकमध्ये साध्या कॉम्प्रेशन गेजवर मी विसंबत नाही, कारण किक सोपी व्हावी म्हणून यात एक एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उघडा धरणारी स्वयंचलित डीकॉम्प्रेशन यंत्रणा असते आणि तिच्यामुळे चांगल्या इंजिनाचाही आकडा कमी दिसतो.

तेलाच्या बाबतीत दोन गोष्टी पाहाव्यात. तेल दुधाळ दिसले, तर पाण्याचा शिरकाव झाला आहे. ड्रेन प्लग उघडू दिला, तर तेल बोटांवर घेऊन उन्हात धरावे. करडा धूसरपणा क्लचचा असू शकतो, पण चमकणारे कण दिसले तर खालच्या बेअरिंगांचा विचार करावा. होंडाच्या सीआरएफ मालिकेतील बऱ्याच जुन्या गाड्यांत इंजिनाचे आणि गिअरबॉक्सचे तेल वेगवेगळे असते. गाडी त्यांतली असेल, तर मालकाला दोन्हींविषयी वेगवेगळे विचारावे; दुसऱ्या तेलाचे नाव काढल्यावर तो गोंधळला, तर ते शेवटचे कधी बदलले गेले याचा अंदाज आपणच बांधावा. पाण्याच्या पंपाखाली एक बारीक छिद्र असते: त्यातून कूलंट ठिबकत असेल तर पाण्याचे सील गेले आहे, तेल ठिबकत असेल तर तेलाचे. हा दोष मोठा नाही, परंतु दुर्लक्षिला तर मोठा होतो.

मीटरवरच्या ९६ तासांविषयीही बोलायला हवे. या गाड्यांवर बहुधा स्पार्क प्लगच्या वायरभोवती तार गुंडाळलेले, चिकटवायचे छोटे मीटर असते, आणि ते पाच मिनिटांत बदलता येते. काही इंधन-इंजेक्शनच्या गाड्यांच्या ईसीयूमध्येही (इंजिन नियंत्रित करणाऱ्या छोट्या संगणकातही) चाललेल्या तासांची नोंद असते आणि योग्य साधन असलेल्या कार्यशाळेत ती वाचता येते. ती सोय नसेल, तर गाडीच्या अंगावर उमटलेले तास वाचावेत. चालकाचे बूट क्लच कव्हरवर आणि फ्रेमच्या बाजूंवर सतत घासतात, त्यामुळे तिथला रंग आणि धातूवरचा खरखरीतपणा निघून चकाकी येते. फूटपेगचे दात किती गोल झाले आहेत, पेग खाली लोंबतात का, गिअर लिव्हरचे टोक किती झिजले आहे, स्विंगआर्मवरच्या चेन स्लायडरमध्ये चेनने किती खोल खाच पाडली आहे, हे सारे पाहावे. मीटर तीस तास दाखवत असेल आणि क्लच कव्हर आरशासारखे झाले असेल, तर खरे कव्हर बोलते आहे. बोल्टही पाहावेत, इंजिनाच्या बोल्टांची डोकी गोल झालेली किंवा चुकीच्या पान्याने ओरबाडलेली असतील, तर आतले काम करणारा हातही तोच होता.

आता चालवून पाहणे. पूर्ण संरक्षक साधने घालून आणि परवानगी असलेल्या जागीच चालवावे, कारण या गाड्यांना दिवे, आरसे, नोंदणी यांपैकी काहीच नसते आणि त्या रस्त्यासाठी बनवलेल्याच नाहीत. इंजिन व्यवस्थित गरम झाल्यावर दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये कमी वेगापासून थ्रॉटल पूर्ण उघडावा. भार पडताच गिअर निसटून न्यूट्रलमध्ये आला, तर गिअरचे दात किंवा फोर्क झिजले आहेत, आणि ते दुरुस्त करण्यासाठी केस उघडावेच लागते. हा दोष आढळला तर मी स्वतः सौदा तिथेच थांबवतो. क्लच पूर्ण दाबूनही गाडी पुढे ओढत असेल, तर क्लच बास्केटमध्ये प्लेटांनी खाचा पाडल्या असण्याची शक्यता आहे. हा खर्च आटोक्यातला असतो, पण किंमत ठरवताना धरावा. स्थिर वेगातून थ्रॉटल सोडताना इंजिनातून येणारी खोल ठकठक आणि वरच्या बाजूने येणारी चेनची सळसळ यांत फरक करायला शिकावे: सळसळ बहुधा टायमिंग चेनची असते, ठकठक मात्र खालच्या बेअरिंगची असू शकते.

सांगाड्याची तपासणी लोक सर्वांत घाईने करतात, आणि तीही बहुधा गाडी चाकांवर उभी असताना. गाडी स्टँडवर उचलूनच पाहावे. मागचे चाक हाताने धरून वर ओढावे. चाक उचलण्याआधी काही मिलिमीटरचा रिकामा प्ले लागला, तर लिंकेजची (चाकाचा दांडा आणि शॉकअप जोडणाऱ्या सांध्यांची) किंवा शॉकअपची बेअरिंगे गेली आहेत, आणि ती धुण्याच्या पाण्याने गंजून गेलेली असणे फारच सामान्य आहे. पुढचे चाक हवेत ठेवून हँडल एका टोकाकडून दुसरीकडे हलके सोडावे. मधोमध अडकल्यासारखे वाटले, तर स्टिअरिंगच्या बेअरिंगमध्ये खाचा पडल्या आहेत. आरे पान्याने एकेक करून हलके वाजवावेत: घट्ट आऱ्याचा आवाज स्वच्छ येतो, सैल आऱ्याचा बसका. रिमला झालेला किरकोळ पोचा चालतो. हबजवळची भेग चालत नाही. फोर्कच्या चकचकीत नळ्यांवर नख फिरवावे, कारण दगडाने पडलेला ओरखडा नव्या सीललाही पुन्हा पुन्हा फाडतो.

फ्रेमच्या बाबतीत इंजिनाखालचा भाग, फूटपेगचे टेके आणि स्टिअरिंग हेडच्या आसपासची वेल्डिंग विजेरी घेऊन पाहावी. उंच उडीवरून चुकीचे उतरल्यावर खालच्या नळ्या चपट्या होतात आणि पेगच्या टेक्यांशी केसासारखी भेग पडते. फ्रेमवर नुकताच मारलेला रंग दिसला, तर तो का मारला हे विचारावे. ॲल्युमिनियमच्या फ्रेमला सहसा कोणी रंग मारत नाही, आणि मारला असेल तर खाली वेल्डिंग असू शकते. गाडीच्या मागे दहा पावले उभे राहून मागचे मडगार्ड आणि टायर एका रेषेत आहेत का ते पाहावे; सबफ्रेम (सीटखालची मागची चौकट) वाकलेली असेल, तर डोळ्याला लगेच कळते.

कागदपत्रांचा भाग छोटा आहे, पण तो टाळू नये. नोंदणी नसल्यामुळे या गाड्या चोरांच्या आवडीच्या असतात. स्टिअरिंग हेडवर कोरलेला १७ अक्षरांचा फ्रेम क्रमांक आणि केसवरचा इंजिन क्रमांक बिलाशी जुळायला हवेत, आणि त्या जागी घासल्याच्या किंवा पुन्हा ठोकल्याच्या खुणा नसाव्यात. बऱ्याच उत्पादकांच्या फ्रेम क्रमांकातील दहावे अक्षर मॉडेलचे वर्ष सांगते. त्या पद्धतीत ८ म्हणजे २००८ आणि एफ म्हणजे २०१५. सांगितलेले वर्ष आणि हे अक्षर यांत तफावत असेल, तर स्पष्टीकरण मागावे. क्रमांक खोडलेली गाडी कितीही चांगली असली, तरी तिच्याजवळ थांबू नये.

दुसऱ्या गाडीला आपण दिसण्यावरून बाजूला ठेवले आहे, पण तसे करू नये असे मला वाटते. १२५ सीसी टू-स्ट्रोकचा पिस्टन १५ ते २५ तासांत बदलावा लागतो हे खरे, परंतु त्यात फोर-स्ट्रोकसारखे इनटेक-एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, टायमिंग चेन नाही. पिस्टन, रिंग, पिन, लहान बेअरिंग आणि गॅस्केट एवढे सामान घेऊन जाणकार माणूस एका संध्याकाळी ते काम करतो, आणि खर्च फोर-स्ट्रोकच्या तुलनेत फारच कमी येतो. तपासणीही सोपी आहे. एक्झॉस्ट पाइप काढून पोर्टमधून विजेरीने पाहिले, तर पिस्टनचा पुढचा भाग आणि सिलिंडरची भिंत दोन्ही दिसतात. उभे खोल ओरखडे दिसले, तर इंजिन कधीतरी सीझ झालेले आहे, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये अडकून बंद पडलेले आहे. या सिलिंडरना आतून निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा मुलामा असतो, त्यामुळे जुन्या लोखंडी स्लीव्हसारखे नुसते बोअर करून (आतून कोरून मोठे करून) चालत नाही, पुन्हा मुलामा द्यावा लागतो किंवा सिलिंडर बदलावा लागतो. गरम इंजिन थ्रॉटल सोडल्यावरही चढ्या फेऱ्यांवर रेंगाळले, तर कुठूनतरी जादा हवा शिरते आहे, आणि बहुधा क्रँकचे सील कारणीभूत असते. गिअरबॉक्सचे तेल पुन्हा पुन्हा कमी होते आणि पांढरा धूर थांबत नाही असे दिसले, तर क्लचच्या बाजूचे सील तपासावे. पेट्रोलमध्ये तेल कोणत्या प्रमाणात मिसळता, हे मालकाला सहज विचारावे: यामाहाच्या वायझेड मालिकेसाठी ३० भाग पेट्रोलला १ भाग तेल सांगितलेले आहे, त्या काळातील केटीएमसाठी ४० ला १. जो ‘अंदाजाने ओततो’ म्हणेल, त्याच्या गाडीत पिस्टन पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

ही १२५ कोणत्या उत्पादकाची आहे हे आपण लिहिलेले नाही, पण सुट्या भागांच्या दृष्टीने त्याने फार फरक पडतो. यामाहाच्या १२५ चा मूळ आराखडा २००६ पासून २०२१ पर्यंत फारसा बदलला नाही, त्यामुळे २००८ च्या गाडीलाही भाग सहज मिळतात. होंडाने मात्र आपल्या टू-स्ट्रोक मोटोक्रॉस गाड्या २००७ च्या मॉडेलनंतर थांबवल्या.

चालवण्याच्या दृष्टीने दोन्हींत मोठा फरक आहे. १२५ ची ताकद वरच्या फेऱ्यांत एकवटलेली असते. ७८ किलोच्या प्रौढ चालकाला वळणातून बाहेर पडताना क्लच आणि गिअर सतत वापरावे लागतील, आणि सुरुवातीला त्याने दमायला होते. २५० फोर-स्ट्रोक मधल्या फेऱ्यांतही ओढते, चुका पचवते आणि शिकणाऱ्याला आत्मविश्वास देते. म्हणूनच वर म्हटले की तो प्रकार आपल्यासाठी योग्य आहे. ४५० सीसीचा विचार या टप्प्यावर करू नये, एवढेच त्याबद्दल सांगतो. शिवाय २५० च्या कारखान्यातल्या स्प्रिंगा साधारण ७० किलोच्या आसपासच्या चालकाला जुळतात आणि बूट, हेल्मेट, छातीचे कवच धरून आपले वजन आणखी आठ-दहा किलोंनी वाढेल. त्यामुळे पोशाख घालून बसल्यावर मागचा सॅग (चालकाच्या वजनाने मागची बाजू खाली दबते ते अंतर) १०० ते १०५ मिलिमीटरच्या दरम्यान बसतो का हे मोजावे, आणि बसत नसेल तर अधिक कडक स्प्रिंगेचा खर्च धरावा.

आता या सर्वांवरून आपल्या सौद्यात काय करावे ते सांगतो. पहिल्या गाडीच्या मॉडेलसाठी क्रँक, कनेक्टिंग रॉड, सर्व बेअरिंगे, सील, गॅस्केट आणि मजुरी यांचा अंदाज एखाद्या कार्यशाळेकडून लेखी मागवावा. फिल्टरमागची नळी स्वच्छ, क्लिअरन्स मर्यादेत, गिअर पक्के आणि फ्रेम सरळ निघाली, तर तो अंदाज विकणाऱ्यासमोर ठेवून त्यातील मोठा वाटा किमतीतून कमी करायला सांगावे. तो मान्य करत असेल, तर गाडी घ्यावी, आणि पहिल्या दहा तासांतच केस उघडून खालचे काम करून घ्यावे, तुटण्याची वाट पाहू नये. तो मान्य करत नसेल आणि टू-स्ट्रोकचा सिलिंडर पोर्टमधून स्वच्छ दिसत असेल, तर थकलेल्या प्लास्टिकची ती १२५ घेऊन नवा पिस्टन आणि दोन्ही क्रँक सील बसवण्यात मला अधिक शहाणपण दिसते. तिच्यावरचे ओरखडे कोणालाही दिसतील असे आहेत, आणि पहिल्या गाडीचे सर्वांत महागडे झिजलेले भाग केसच्या आत आहेत.